तेच पुस्तक, तेच बाकडं

सगळ्यांना एकच पुस्तक दिलं, एकाच बाकड्यावर बसवलं की झाली समता, असं सांगणारे शहाणे फक्त आपल्याकडंच नाहीत. अमेरिकेतही आहेत. त्यांचं सोंग परदेशातून आलेल्या पोरांनी कसं उतरवलं, ते मला इथं मांडायचंय. इतिहास त्यांचा आहे, पण दुखणं ओळखीचं आहे.

सॅन फ्रान्सिस्को हे बंदराचं शहर. तिथं चिन्यांची जुनी वस्ती, चायनाटाऊन. चिनी मजुरांनी तिकडं रेल्वे बांधली आणि १८८२ साली त्यांनाच देशात यायला कायद्यानं बंदी झाली. बंदी १९४३ ला उठली, तरी दार खरं उघडलं ते १९६५ च्या कायद्यानं. मग कुटुंबंच्या कुटुंबं आली. आईबाप शिलाईच्या कारखान्यात नाहीतर हॉटेलच्या भटारखान्यात. पोरं शाळेत.

शाळेत काय? इंग्रजी न येणारी चिनी पोरं २,८५६. त्यातल्या हजारेक पोरांना इंग्रजीची जादा शिकवणी. उरलेली सुमारे १,८०० नुसती बसून. मास्तर बोलतोय, फळा भरतोय, पोरगं भिंतीकडं बघतंय. आणि कॅलिफोर्नियाचा नियम काय, तर इंग्रजी नीट आल्याशिवाय बारावीचा दाखला नाही. दाखला नाही तर कॉलेज नाही. म्हणजे पोहायला शिकवायचं नाही, विहिरीत ढकलायचं, आणि बुडाला की म्हणायचं, याच्यात दमच नव्हता.

१९७० साली किनी लाउ या चिनी पोराच्या आणि त्याच्यासारख्यांच्या नावानं कोर्टात दावा पडला. खालचं कोर्ट म्हणालं, शाळा सगळ्यांना सारखंच देते, मग तक्रार कसली? वरच्या कोर्टानं तर कडी केली. प्रत्येक पोर घरून आपापली सोय-गैरसोय घेऊन येतं, त्याला शाळा काय करणार? वा रे न्याय! घर कुणी गरीब ठेवलं, वस्ती कुणी वेगळी केली, हे विचारायचंच नाही.

२१ जानेवारी १९७४ ला सुप्रीम कोर्टानं हे उलटवलं. एकमतानं. निकाल लिहिला न्यायमूर्ती डग्लस यांनी. सार असं, की नुसती तीच पुस्तकं, तेच मास्तर, तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही, त्याच्यासाठी शिक्षणाचं दार बंदच आहे.

आता दोन गोष्टी नीट बघा, मित्रांनो. हा निकाल कशाच्या जोरावर लागला? १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या. सरकारी पैशावर चालणाऱ्या कामात वंश, रंग, मूळ देश बघून भेदभाव करायचा नाही, असं तो कायदा सांगतो. तो काळ्या माणसांनी लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन मिळवला. काळ्यांनी दार फोडलं, त्यातनं चिनी पोर आत गेलं.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकालाला होकार दिला, पण वेगळं लिहून ठेवलं, की इथं प्रश्न १,८०० पोरांचा आहे. एकटंदुकटं पोर असतं तर माझं मत असंच असेल असं धरू नका. म्हणजे एकट्याचं रडणं ऐकू येत नाही. मोजता येईल इतकं रडावं लागतं.

ही मोजदाद कॉलेजातल्या पोरांनी आधीच ओळखली होती. नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९, जवळजवळ पाच महिने, सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात संप चालला. काळे, चिनी, फिलिपिनो, मेक्सिकन विद्यार्थी एकत्र. त्यातनं वांशिक अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. एप्रिल १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात काळ्या आणि पोर्तो रिकन पोरांनी इमारतींचा ताबा घेतला. त्यांची एक मागणी मला फार मोलाची वाटते. मास्तर व्हायला निघालेल्यांनी स्पॅनिश शिकलंच पाहिजे! भाषा शिकायचं ओझं पोरानंच का वाहायचं? थोडं मास्तरानंही वाहावं. १९७० पासून तिथल्या सरकारी विद्यापीठानं शहरातल्या प्रत्येक बारावी पास पोराला प्रवेश दिला.

त्याच वर्षी साउथ ब्रॉन्क्सच्या गरीब वस्तीत होस्टोस कॉलेजचे वर्ग सुरू झाले. इंग्रजी शिकत असताना बाकीचे विषय स्पॅनिशमधून शिका, वर्ष वाया घालवू नका, ही तिथली रीत. १९७६ ला शहराची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा पहिली कुऱ्हाड यावरच येऊ लागली. विद्यार्थी, मास्तर, वस्तीतले लोक कॉलेजात ठाण मांडून बसले. कॉलेज वाचलं. मिळालेलं राखायलाही लढावं लागतं. १९९८ ला कॅलिफोर्नियात मतदान घेऊन दुभाषी शिक्षणावर बंधन घातलं गेलं, ते २०१६ च्या मतदानानं बरंचसं उठलं.

त्या सिटी कॉलेजपासून मैल-दीड मैलावर कोलंबिया विद्यापीठ. तिथं १९१३ साली बाबासाहेब शिकायला गेले. त्याआधी इथल्या शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिलं नव्हतं, फारसी घ्यावी लागली होती. भाषा दारावरचा शिपाई असते, हे आपल्याला कुणी अमेरिकेतनं येऊन शिकवायला नको.

मी खेड्यातनं शहरातल्या कॉलेजात आलो. सीमा ओलांडली नव्हती, नुसती वेस ओलांडली होती. तरी 'आनि', 'पानी' म्हणालो की वर्ग हसायचा आणि मास्तर मार्क कापायचे. मराठीच माझी, पण पुस्तकातली मराठी माझ्या आयची नव्हती. आणि तिच्यावर इंग्रजी बसलेली.

माझं एक असो. तांड्यावर गोरमाटी बोलणारं पोर मराठी शाळेत बसतं. आईबापामागं ऊसतोडीला कर्नाटकात गेलेलं पोर कन्नड फळ्याकडं बघतं. ती पोरं दहावीआधी गळतात, आणि आपण म्हणतो, शिकायची आवड नव्हती. आधी मोजा त्यांना. एकेक नको, सगळ्यांना मिळून मोजा. मग त्यांच्या मास्तरांना विचारा, तुम्ही त्यांची भाषा किती शिकलात?