शिष्यवृत्तीचे नूतनीकरण

उच्च शिक्षणासाठी मिळणारी शिष्यवृत्ती किंवा शुल्कसवलत सामान्यतः एका वर्षापुरती मंजूर होते. ती पुढील वर्षी चालू राहावी, यासाठी विद्यार्थ्याने अभ्यासात पुरेशी प्रगती दाखविणे आवश्यक असते. अमेरिकेत १९६५ च्या उच्च शिक्षण अधिनियमाखालील शासकीय मदतीस १९७६ च्या दुरुस्तीने अशी अट जोडण्यात आली. तेथे अभ्यासक्रमाच्या नियत कालावधीच्या दीडपटीपर्यंतच मदत मिळू शकते. महाराष्ट्रात या अटीची परंपरा अधिक जुनी आहे.

पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा दिली जाई. पेशवाईच्या अस्तानंतर या निधीचा काही भाग शिक्षणाकडे वळविण्यात आला. त्यातून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली व पुढे महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. या काळातील साहाय्य गुणवत्तेप्रमाणेच वर्तनावरही अवलंबून होते. न्यायमूर्ती म. गो. रानडे एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना त्यांनी एका निबंधात मराठी राज्याच्या तुलनेत इंग्रजी राज्यावर टीका केली, तेव्हा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने स्थगित केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

संस्थानिकांच्या शिष्यवृत्त्या बहुधा कराराने बांधलेल्या असत. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १९१३ पासून कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याची अट तीत होती. मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अपुरा टाकून परतावे लागले. तो त्यांनी १९२० नंतर पुन्हा जाऊन पूर्ण केला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तरतुदीचा आग्रह धरला व १९४४ मध्ये भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. द्वैभाषिक मुंबई राज्यात १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी शुल्कसवलत देण्यात आली, ती ‘ई.बी.सी.’ या नावाने घरोघरी परिचित झाली. तिला २०१६ मध्ये राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

मॅट्रिकोत्तर योजनेच्या दीर्घकाळ लागू राहिलेल्या नियमांत शिष्यवृत्तीचे नूतनीकरण वरच्या वर्गात प्रवेश मिळण्यावर अवलंबून ठेवले होते. वैद्यक, अभियांत्रिकी यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत पहिल्या अपयशानंतर शिष्यवृत्ती चालू ठेवता येई; पुन्हा अपयश आल्यास वरच्या वर्गात जाईपर्यंतचा खर्च विद्यार्थ्याने स्वतः सोसावा, असे ठरविले होते. आजारपणामुळे परीक्षा हुकल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र दाखविता येई. संपात भाग घेणे किंवा परवानगीवाचून गैरहजर राहणे, ही मात्र शिष्यवृत्ती रद्द करण्याची कारणे मानली गेली. रानड्यांच्या काळातील वर्तनाची अट अशा रीतीने नव्या रूपात टिकून राहिली.

या नियमांचे महत्त्व ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात विशेष जाणवते. येथे रेल्वे १८५३-५४ मध्येच पोहोचली; महाविद्यालये मात्र फार उशिरा आली. ठाण्यास विद्या प्रसारक मंडळाने १९६९ मध्ये महाविद्यालयीन शिक्षण सुरू केले, तर कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ मध्ये स्थापन झाले. त्यांमुळे गिरणी व कारखान्यांतील कामगारांच्या, तसेच मुरबाड-शहापूरकडील शेतकरी व आदिवासी कुटुंबांच्या मुलांना पदवीचे शिक्षण जवळ आले. यांतील अनेकांना शिकताना नोकरीही करावी लागते. मुंबई विद्यापीठाच्या नियमांनुसार पंचाहत्तर टक्के हजेरी नसल्यास सत्र मंजूर होत नाही; सत्र नाही तर परीक्षा नाही आणि परीक्षा नाही तर नूतनीकरणही नाही. कामाच्या पाळीत बुडालेले तास अशा प्रकारे शिष्यवृत्तीच्या मुळावर येतात.

याउलट, ‘ए.टी.के.टी.’ ही विद्यापीठाची सवलत अशा विद्यार्थ्यांना आधार देणारी ठरली आहे. तीनुसार काही विषय राहिले तरी विद्यार्थी वरच्या वर्गात जातो व ते विषय नंतर सोडवितो. मॅट्रिकोत्तर योजनेच्या नियमांनीही अशा विद्यार्थ्यास, इतर पात्रता असल्यास, वरच्या वर्गाची शिष्यवृत्ती देय मानली. परीक्षेतील अपयश आणि शिक्षणातील खंड या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले.

प्रगतीची अट सार्वजनिक पैशाच्या विनियोगासाठी आवश्यकच आहे. तथापि तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. सुस्थितीतील विद्यार्थी नापास झाला, तर त्याचे एक वर्ष जाते. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याचे मात्र त्या एका निकालाने शिक्षणच थांबू शकते. म्हणून अशा अटीचे मूल्यमापन, तिने किती विद्यार्थी वगळले यापेक्षा अडखळलेल्यांपैकी किती जणांना पदवीपर्यंत पोहोचू दिले, यावरून करणे अधिक योग्य होय.