मुनिरका : ‘धीर धरा’ म्हणायचं नसतं



नोकरी संपली तरी मुक्काम बदलायची खोड जात नाही. सध्या दिल्लीत, मुनिरका गावात, मुलीच्या भाड्याच्या खोलीवर आहे. मुनिरका नावालाच गाव. टोकस जाटांची ही जुनी वस्ती, आता अंगाला अंग लावून उभ्या असलेल्या चार-पाच मजली इमारती. डोक्यावर वायरींचं जाळं, आणि समोरासमोरच्या गॅलऱ्या इतक्या जवळ की शेजाऱ्याला चहाचा कप हातोहात द्यावा.

१७ फेब्रुवारी २०२५, पहाटे ५ वाजून ३६ मिनिटं. मी सवयीने जागाच होतो. आधी आवाज आला, जमिनीखालून रणगाडा गेल्यासारखा. मग खाट हलली. काही सेकंदांचा खेळ. नंतर कळलं, तीव्रता ४.०, केंद्र इथून जवळच धौला कुआँपाशी, तेही जमिनीखाली फक्त ५ किलोमीटरवर. आमच्या गल्लीत कुणाला खरचटलंही नाही. लोक खाली आले, मोबाइल बघत हसले, परत वर गेले. मी मात्र जिन्यातच बसून राहिलो. हात थांबेनात. मुलगी शेजारी येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "बाबा, किल्लारी?"

जुन्या वाचकांना माहीत आहे, किल्लारीवर मी आजवर लिहिलेलं नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर पहाटे अंगावर आलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसं गेली. मदतीला लष्कर गेलं, त्यात आमची तुकडी होती. मी वीस वर्षांचा, नोकरीचं दुसरं वर्ष. फावडं, दोर, स्ट्रेचर हे सगळं शिकवलेलं होतं. माणसाशी काय बोलायचं, हे मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं.

एक आजोबा ढिगाऱ्यावर बसून हाताने दगड बाजूला करायचे. घरातले सगळे आधीच बाहेर काढून झाले होते, सरणंही पेटली होती. तरी ते दगड उचलत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "आजोबा, धीर धरा. गेलेलं परत येत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "लेकरा, हितं दार व्हतं. तेवढं बगू दे." आणि मी त्यांना दंडाला धरून उठवलं, कारण आम्हाला ती जागा मोकळी करायची होती.

मुलगी सामाजिक कार्याचं शिक्षण घेते. आपत्तीत माणसांना मानसिक आधार कसा द्यायचा, याचं एक प्रशिक्षण तिने नुकतंच घेतलं होतं. त्या आठवड्यात मी तिची वही वाचून काढली, आणि वहीमागचा इतिहास तिच्याकडून ऐकला. तो इथे मांडतो, कारण आपल्यापैकी अनेकांनी भूकंप-पुरात ड्युटी केली आहे आणि हा भाग आपल्याला कुणी सांगितलेला नाही.

आपल्या देशात ही गोष्ट भोपाळपासून सुरू होते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची वायुगळती. फुप्फुसं आणि डोळे जळालेल्यांसाठी डॉक्टर धावले. झोप उडालेल्यांसाठी, एकटक बघत बसलेल्यांसाठी कुणी नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञ तिथे जवळजवळ नव्हतेच. बंगळुरूच्या निम्हान्सचे डॉ. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग वेगळी वाट काढली. तज्ज्ञ आणायचे कुठून, त्यापेक्षा आहेत त्यांनाच शिकवू. एप्रिल १९८५ मध्ये गॅसग्रस्त भागातल्या दवाखान्यांतल्या सुमारे ५० डॉक्टरांना सहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. छातीत धडधडतं म्हणणाऱ्या बाईला नुसती गोळी देऊन पाठवायचं नाही, ती त्या रात्री कुणाला सोडून पळाली हेही ऐकायचं, असा त्याचा रोख.

किल्लारी झाली तेव्हा हा धडा आठ वर्षांचा होता. पण ढिगाऱ्यावरच्या आम्हा पोरांपर्यंत तो पोचला नव्हता. नंतर इथल्याच, मुनिरकाहून काही मिनिटांवरच्या एम्समधल्या डॉक्टरांनी किल्लारीतून वाचलेल्या काही जणांना तपासलं. त्यांचा अहवाल १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात आला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना मानसिक आजार जडलेला होता. मी ज्या शहरात परेडला येऊन गेलो, तिथे हे कागदावर होतं आणि मला पत्ता नव्हता!

पुढे वेग आला. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळानंतर गावातल्याच तरुण-तरुणींना तयार केलं गेलं. त्यांना नावही सुंदर दिलं, ‘स्नेहकर्मी’. २००१ ला भूज, २००४ ला त्सुनामी. दर वेळी निम्हान्सची मंडळी जाऊन शिक्षक, अंगणवाडी ताई, स्वयंसेवक यांना शिकवत राहिली. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, राष्ट्रीय प्राधिकरण आलं, आणि डिसेंबर २००९ मध्ये त्याने मानसिक आधारावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. पूल, तंबू, रेशन यांच्या जोडीला मनाचा विषय सरकारी कागदावर आला, याला भोपाळनंतर पंचवीस वर्षं लागली.

यात आपल्या लातूरच्या बायकांचा वाटा कमी लोकांना ठाऊक आहे. ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेने भूकंपग्रस्त गावांतल्या बायकांना घरदुरुस्तीच्या कामात ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं होतं. भूज हादरलं तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी कच्छला गेल्या. ज्या बाईचं स्वतःचं माळवद पडलं होतं, तिला समोरचीला फार काही समजावून सांगावं लागत नसणार. माझ्या मते, या विषयातले आपले पहिले खरे उस्ताद त्याच.

तज्ज्ञांचंही चुकलं, हे सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पद्धत निघाली, की घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवायचं आणि काय पाहिलं ते प्रत्येकाकडून वदवून घ्यायचं. अग्निशमन दलं, पोलीस, सगळीकडे ती गेली. पुढच्या चाचण्यांत दिसलं, की जबरदस्तीने उकरून काढल्याने फायदा होत नाही, काहींचं उलट बिघडतं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचं सूत्र तीन शब्दांचं : पाहा, ऐका, जोडून द्या. बोलायचं नसेल त्याला बोलतं करू नका. पाणी द्या, पांघरूण द्या, नातेवाइकांचा पत्ता लावा. खोटी आशा दाखवू नका.

मुलीच्या वहीत ‘काय म्हणू नये’ असं एक पान आहे. पहिल्याच ओळीत तिने माझं वाक्य लिहिलं होतं : धीर धरा.

आणि मदतीला गेलेल्याचं काय? तिच्या वहीत त्यावरही अर्धं पान आहे. पाळ्या लावा, झोप घ्या, जोडीदारावर लक्ष ठेवा. आम्ही किल्लारीहून परतलो, तेव्हा गणवेश उकळून धुतले, लसी घेतल्या आणि पुढच्या सोमवारी पीटीला उभे राहिलो. आता १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत सैन्यदलांसाठी टेली-मानसचा खास कक्ष आहे. क्रमांक १४४१६. मी फोन केला का, असं विचाराल, तर मार्चमध्ये केला. पहिल्यांदा रिंग वाजल्यावर कापला, दुसऱ्यांदा बोललो.

परवा मुलीला सराव करायचा होता. "बाबा, तुम्ही आपत्तीतला माणूस व्हा." मी म्हटलं, होतो. खोलीत खाट, स्टोव्ह, पुस्तकांचा ढीग. मी त्या ढिगापाशी खाली बसलो आणि एकेक पुस्तक उचलून बाजूला ठेवू लागलो. ती जवळ आली, हातभर अंतर ठेवून बसली. विचारलं, "काय शोधताय?"

"दार," मी म्हणालो.

"मी पण शोधू?" असं म्हणून तिने वरचं पुस्तक उचललं.