नाण्यावरचा सुखी संसार

रोमन सम्राज्ञींच्या चांदीच्या नाण्यांत मला सर्वांत करुण वाटतं ते प्लॉटिलाचं. इ.स. २०२ मध्ये सम्राट सेव्हेरसचा मुलगा कॅराकॅला याच्याशी तिचं लग्न झालं. तिच्या दिनारांवर एका बाजूला तिचा चेहरा. दुसऱ्या बाजूला कधी हातात हात दिलेलं जोडपं, कधी ऐक्याची देवी कॉन्कॉर्डिया, कधी व्हीनस. सोबत ‘चिरंतन ऐक्या’चा लेख! प्रत्यक्षात, समकालीन इतिहासकार हेरोडियन सांगतो, कॅराकॅला तिच्यासोबत जेवतही नसे. २०५ मध्ये तिच्या वडिलांना ठार करून तिला लिपारी बेटावर धाडलं. २११ मध्ये सेव्हेरस वारल्यावर कॅराकॅलाने तिलाही मारवलं. नाणं खरंच असतं. पण ते सांगतं राज्यकर्त्यांना काय दाखवायचं होतं ते. घडलं काय, हे ग्रंथांशी ताडूनच पाहावं लागतं.