फोनच्या हवाली केलेला पासवर्ड

एचटीटीपी १.० ची माहिती देणारा दस्तऐवज १९९६ मध्ये निघाला. त्यातल्या 'बेसिक ऑथेंटिकेशन'च्या नमुन्यात वापरकर्ता आहे अल्लाउद्दीन आणि पासवर्ड म्हणजे आपलं 'तिळा तिळा दार उघड'. (मंत्र खरं तर अलीबाबाच्या गोष्टीतला, असो.) नाव, अपूर्णविराम, पासवर्ड असं जोडून ते 'बेस६४'मध्ये लिहायचं आणि प्रत्येक विनंतीसोबत पाठवायचं. ही लिपी कुणालाही उलटवता येते. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हसिंकने हीच रीत फोनवर आणली आणि २००८ मध्ये आयफोननेही ॲक्टिव्हसिंक स्वीकारलं. पासवर्ड एकदा फोनमध्ये भरला की मेल आपोआप येत राहायची.

टीएलएस या कूटलेखनामुळे वाटेतली चोरी थांबली होती, मग ही रीत मोडायची कशाला, असा आक्षेप घेतला जाई. पण वाटेत कान लावून बसण्याची चोरांना गरजच नव्हती. ते एकच सोपा पासवर्ड हजारो खात्यांवर लावून पाहत. अशा हल्ल्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक जुन्या पद्धतीच्या लॉगिनवर होतात, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं. खरी उणीव रचनेतच होती: नाव-पासवर्ड जुळले की प्रवेश, ओटीपी विचारायला जागाच नाही. वेबवर दुहेरी तपासणी लावलेल्या ऑफिसातही हा मागचा दरवाजा सताड उघडा राही.

२०१२ च्या ओऑथ २.० च्या नेहमीच्या रीतीत ॲपला पासवर्ड कळतच नाही. लॉगिनचं पान मेल कंपनीचं असतं आणि ॲपला मिळतं ते मुदतीचं, रद्द करता येणारं टोकन. तरीही बदलाला दहा वर्षं लागली. आयफोनच्या मेल ॲपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज मेलसाठी ही सोय २०१७ मध्ये आली. जुनी रीत बंद करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केलेली ऑक्टोबर २०२० ची मुदत कोविडमुळे हुकली आणि प्रत्यक्ष बंदी १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली. आयओएस १५.६ मध्ये तर गंमतच झाली: साठवलेला जुना पासवर्डच वापरून फोन परस्पर टोकन मिळवू लागला.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. मेल आणण्याचा आयमॅप हा प्रोटोकॉल कुणालाही वापरता येई. आता मेल ॲप बनवणाऱ्याला आधी गूगल-मायक्रोसॉफ्टकडे नोंदणी करावी लागते. म्हणजे मक्तेदारी वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हे गाऱ्हाणं नोंदणीच्या अटींविरुद्ध आहे. त्यावरून पासवर्ड पुन्हा ॲपच्या हाती द्यावा असं ठरत नाही. के-नाइन मेलसारख्या मुक्त ॲपनेही २०२२ मध्ये ओऑथ घेतलंच. अडलं ते स्कॅन करून मेल धाडणाऱ्या प्रिंटरांपाशी: त्यांच्यासारख्यांसाठी, जिथे वापर चालू होता तिथे, मायक्रोसॉफ्टने एसएमटीपीने मेल पाठवायची जुनी वाट तेव्हा उघडीच ठेवली.