लष्कराच्या भाकऱ्यांचा दावा

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम 91 आहे. सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दावा लावायचा तर तो महाधिवक्त्याने लावावा, नाहीतर त्याची लेखी संमती घेऊन दोघा-चौघांनी लावावा, असे ते कलम मुळात सांगत असे. गटार तुंबले, रस्ता अडला, कारखान्याच्या धुराने अख्खी आळी खोकू लागली, तरी ज्याचे स्वतःचे वेगळे नुकसान झालेले नाही त्याला एकट्याने कोर्टात उभे राहता येत नसे. न्यायाधीशांचा पहिला प्रश्न असे, तुमचे काय गेले? ‘माझे काही नाही, पण...’ असे उत्तर आले की प्रकरण तिथेच आटोपले. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला आपल्याकडे लोक हसतात. इंग्रजी कायदा त्याला दारातूनच परत पाठवीत असे.

हा नियम मूर्खपणाचा नव्हता. ज्याला झळ लागली आहे तोच पुरावे नीट गोळा करील, खर्च सोसेल, हरला तर परिणाम भोगील, असा त्यामागचा व्यवहारी विचार होता. त्याला अपवादही होते. कोणाला बेकायदा डांबून ठेवले असेल तर त्याच्या वतीने मित्रानेही अर्ज केलेला चाले. सार्वजनिक पदावर बसलेल्या माणसाला ‘तुम्ही कोणत्या अधिकाराने बसलात?’ असे विचारण्याचा हक्क तर कोणत्याही नागरिकाला होता. जनहित याचिका पुढे वाढली ती याच दोन फटींतून.

तिची एक लांबची मावशी अमेरिकेत आहे. 1954 च्या ब्राऊन खटल्याने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. त्यामागे कृष्णवर्णीयांच्या संघटनेने वर्षानुवर्षे विचारपूर्वक निवडून लढवलेले खटले होते. साठच्या दशकात तिथे लोकहितासाठी वकिली करणाऱ्या संस्थाच निघाल्या. नाव आपण तिकडून घेतले, स्वभाव मात्र घेतला नाही. तिकडे वकील आखणी करत आणि न्यायाधीशांना पटवत. आपल्याकडे न्यायाधीशच पुढे सरसावले आणि वकील धापा टाकत मागून आले. म्हणून तर उपेंद्र बक्षींसारखे कायदेपंडित अमेरिकी नाव इथे लावू नका, हे प्रकरण निराळे आहे, असे सांगत राहिले.

न्यायाधीश इतके उत्सुक का झाले, याचे उत्तर आणीबाणीत शोधावे लागते. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी सांगितले की, आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयात येता येणार नाही. विरोधात एकटे एच. आर. खन्ना. त्या चौघांत पी. एन. भगवती होते, तसेच मूळ पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. पुढच्या दहा वर्षांत गरिबांसाठी दारे सताड उघडणारे न्यायाधीश म्हणून ज्यांचे नाव झाले ते हेच भगवती. हे प्रायश्चित्त होते असे अनेकांनी लिहिले आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. भगवती आणि व्ही. आर. कृष्ण अय्यर हे दोघे आणीबाणीच्या आधीपासून गरिबांना मोफत कायदेसाहाय्य देण्यासाठीच्या समित्यांवर काम करत होते. हा विचार जुना होता, घाई मात्र आणीबाणीनंतरची. त्या निकालातली चूक भगवतींनी जाहीरपणे मान्य केली ती थेट 2011 मध्ये.

जनहित याचिकेची पहिली चाहूल लागली ती मुंबईच्या एका प्रकरणात. छोट्या व्यापाऱ्यांकडे राबणाऱ्या कामगारांच्या बोनसचा वाद मुंबई कामगार सभेने सर्वोच्च न्यायालयात नेला. दावा कामगारांचा की संघटनेचा, असा तांत्रिक आक्षेप निघाला. भारतासारख्या गरीब देशात दावा कोण लावतो याचा फार कीस काढू नये, असा अभिप्राय कृष्ण अय्यर यांनी 1976 च्या निकालात दिला. त्या दिवशी तो फारसा कोणाच्या लक्षात आला नाही.

खरा जन्म 1979 चा, आणि सुईणीचे काम केले एका पोलीस अधिकाऱ्याने. खुसरो रुस्तमजी नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. सीमा सुरक्षा दलाचे ते पहिले प्रमुख. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारचे तुरुंग पाहायला गेले. तिथे खटलाच सुरू न झालेले कैदी पाच, सात, नऊ वर्षे पडून होते, काही तर दहा वर्षांहून अधिक. आरोप सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ काहींनी आत काढला होता. कसलाच आरोप नसलेल्या, केवळ साक्षीदार किंवा पीडित असलेल्या बायकाही ‘संरक्षणा’च्या नावाखाली गजाआड होत्या. 8 आणि 9 जानेवारी 1979 च्या ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये यावर लेख आले. वकील कपिला हिंगोरानी यांनी ती कात्रणे जोडून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांना कोणी वकीलपत्र दिलेले नव्हते, एकाही कैद्याशी त्यांची ओळख नव्हती. बातमीतल्या नावांपैकी एका स्त्रीचे नाव खटल्याला मिळाले, हुसैनारा खातून. जलद खटला हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे भगवतींच्या खंडपीठाने सांगितले. या प्रकरणामुळे सुमारे 40 हजार कच्चे कैदी सुटले असे सांगितले जाते.

यानंतर कागद हलका होत गेला. तिहारमधल्या सुनील बत्रा या फाशीच्या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि ते पत्रच याचिका ठरले. ना कोर्ट फी, ना शपथपत्र. पत्र हे हत्यार तेव्हा हवेतच होते. गडचिरोलीच्या बाजूच्या देसाईगंजमधल्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. मथुरा या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या खटल्यात आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले, तेव्हा उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निकाल काही फिरला नाही. पण रस्त्यावर जे आंदोलन उभे राहिले त्यातून 1983 मध्ये बलात्काराचा कायदाच बदलावा लागला.

त्याच वर्षी मुंबईच्या एका पत्राचा निकाल लागला. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या 15 स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी तसे सर्वोच्च न्यायालयाला कळवले. न्यायालयाने ‘निर्मला निकेतन’ या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन पाहायला सांगितले आणि अहवाल मागवला. मग जे आदेश निघाले ते वाचताना निकालापेक्षा एखादे परिपत्रक वाचतो आहोत असे वाटते. चार-पाच कोठड्या फक्त स्त्रियांसाठी राखाव्यात, तिथे स्त्री पोलीस असाव्यात, अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत चिकटवावेत आणि आणलेल्या माणसाला वाचून दाखवावेत. हे काम खरे तर गृहखात्याचे. ते झाले नव्हते म्हणून न्यायालयाने केले. त्या वेळी कोणी तक्रारही केली नाही.

आता कुळातली एक गंमत. जनहित याचिकेची सनद मानला जाणारा निकाल मात्र गरिबांच्या प्रकरणात आलेलाच नाही. 1981 मध्ये केंद्रीय कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी उच्च न्यायालयांतल्या न्यायाधीशांच्या बदल्या सुकर करणारे परिपत्रक काढले. देशभरच्या वकिलांनी त्याविरुद्ध याचिका केल्या. मुंबईतून इक्बाल छागला त्यात होते. सरकारने विचारले, बदली न्यायाधीशांची, वकिलांचे काय गेले? 30 डिसेंबर 1981 च्या निकालात भगवतींनी याचे सविस्तर उत्तर दिले. ज्यांना स्वतः येता येत नाही त्यांच्यासाठी सद्हेतूने येणाऱ्या कोणालाही येऊ द्यावे. दार उघडले. पण ज्यासाठी वकील आले होते त्या मुद्द्यावर, नेमणुका-बदल्यांत शेवटचा शब्द कोणाचा यावर, बहुमताने सरकारच्याच बाजूने कौल दिला. तो फिरायला 1993 उजाडावे लागले.

दार उघडायचे आणि आत आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचे, ही या कुळाची खोडच दिसते. 13 जुलै 1981 ला, ऐन पावसात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवरच्या लोकांना उठवून आपापल्या गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 ला चंद्रचूडांच्या नेतृत्वाखालच्या घटनापीठाने सांगितले की, उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हे वाक्य आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्याच निकालात झोपड्या पाडायला परवानगीही आहे, फक्त 31 ऑक्टोबर 1985 नंतर. ज्यांच्याकडे 1976 च्या गणनेचे ओळखपत्र आहे त्यांना पर्यायी जागा देण्याचे सरकारचे आश्वासन तेवढे पक्के झाले. याचिकाकर्ते हरले. पण पावसाळ्यात पाडकाम नको, नोटीस हवी, अमुक सालापर्यंतचे पुरावे असतील तर पर्यायी जागा, या भाषेतच मुंबईचे झोपडपट्टी धोरण पुढे बोलू लागले. माझ्या मते खटल्याचा धोरणावर होणारा परिणाम असाच असतो. तो निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात सापडत नाही. पुढच्या भांडणात सगळ्यांना कोणती भाषा वापरावी लागते, त्यात तो दिसतो.

आणि दावा मालकाविना झाला, हा सगळ्यांत मोठा फेरफार. तो घडला पुन्हा शीला बारसे यांच्याच प्रकरणात. तुरुंगात ठेवलेल्या मुलांबद्दल त्यांनी देशव्यापी याचिका केली होती. राज्ये माहिती देईनात, तारखांवर तारखा पडू लागल्या. वैतागून 1988 मध्ये त्यांनी याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयाने ती नाकारली. तुम्हाला जायचे तर जा, याचिका इथेच राहील. त्यांचे नाव कमी झाले आणि काम सर्वोच्च न्यायालयाच्या विधी साहाय्य समितीकडे सोपवले गेले. तर्क बरोबर होता, मुलांचे हित एका व्यक्तीच्या कंटाळ्यावर सोडता येत नाही. पण साध्या दाव्यात वादी थकला की न्यायाधीशही थांबतो. इथे थांबवणारेच कोणी उरले नाही. प्रश्न कोणता, चौकशी कोणी करायची, प्रकरण किती वर्षे चालवायचे, हे सगळे न्यायालयच ठरवू लागले. कारभारात शिरायला याहून मोठा दरवाजा नव्हता.

पुढचा प्रवास ओळखीचा आहे. 1998 च्या आदेशामुळे दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आल्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलची 1997 च्या विशाखा निकालातली मार्गदर्शक तत्त्वे संसदेने कायदा करेपर्यंत 16 वर्षे कायदा म्हणूनच चालली. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारू विकायला डिसेंबर 2016 मध्ये बंदी आली, तेव्हा काही राज्यांनी दुकाने हलवण्याऐवजी महामार्गांचा दर्जाच बदलला. त्याच वर्षी दुष्काळात खेळपट्ट्यांवर पाणी मारण्यावरून झालेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. या सामन्यांच्या आदेशाने लातूरला किती पाणी मिळाले, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

जिथे खरोखर मोठे धोरण पणाला लागले तिथे मात्र न्यायालयाने हात आखडला. नर्मदा बचाव आंदोलनाची याचिका 1994 ची. 1995 मध्ये सरदार सरोवराचे बांधकाम थांबले. धुळ्या-नंदुरबारच्या आदिवासी गावांना तो मोठा दिलासा होता. 18 ऑक्टोबर 2000 ला दोन विरुद्ध एक अशा मतांनी धरण पुढे न्यायला परवानगी मिळाली. धरण बांधावे की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे, तो आमचा नाही, असे बहुमताचे म्हणणे. सरकारी बाल्को कंपनी विकण्याच्या प्रकरणात 2001 मध्ये हेच सूत्र पुन्हा सांगितले गेले. बसचे इंधन ठरवणे धोरण नाही आणि धरण मात्र धोरण, ही रेघ कोणी आखली हे मला आजवर उमगलेले नाही.

राजकारण्यांना ही अनिश्चितता सोयीचीच पडली. अप्रिय निर्णय कोर्टाने घेतला की मतदारांपुढे खांदे उडवता येतात. नको असलेला प्रश्न आला की ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे विधिमंडळातले सगळ्यांत स्वस्त उत्तर. निवडणुकीत हरलेला पक्षही विधेयक संमत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्यापुढे उभा असतो. याचिका फेटाळली गेली तरी त्याचे काम झालेले असते, मथळा मिळालेला असतो. ज्यांना आवाजच नव्हता त्यांच्यासाठी काढलेली वाट आता ज्यांच्याकडे आधीच ध्वनिक्षेपक आहे तेच जास्त वापरतात.

न्यायालयांनाही हे कळले. 2010 च्या बलवंतसिंह चौफाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचिकाकर्त्याची विश्वासार्हता आधी तपासा, खोडसाळांना जबर खर्च लावा आणि प्रत्येक उच्च न्यायालयाने नियम करावेत, असे बजावले. मुंबई उच्च न्यायालयाचे नियम त्याच वर्षीचे.

पत्राची सोय मात्र मोडलेली नाही. कोणती पत्रे याचिका म्हणून घ्यायची याची यादी सर्वोच्च न्यायालयाने 1 डिसेंबर 1988 ला ठरवली आणि नंतर त्यात भर घातली. वेठबिगारी, निराधार मुले, किमान वेतन न मिळणे, तुरुंगातला छळ, दलित-आदिवासींवरचे आणि स्त्रियांवरचे अत्याचार, प्रदूषण असे विषय त्यात आहेत. घरमालक-भाडेकरूंची भांडणे, नोकरीतल्या तक्रारी आणि कॉलेजचे प्रवेश त्यात बसत नाहीत. तुमच्या गावातल्या वीटभट्टीवर कोणी उचलीपायी अडकून पडले असेल तर जरूर लिहा. घरमालकाविरुद्ध मात्र वकीलच गाठा.