शत्रूकडून शिकलेली सुटका

दुसऱ्या महायुद्धातले स्पिटफायर विमान आपण ऐकून असतो. त्याच्याच आरेखकाने, आर. जे. मिचेल यांनी, घडवलेले वॉलरस मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडीवर हवाई लढाई पेटली. पॅराशूटने समुद्रात उतरलेला वैमानिक जिवंत असे; पण गार पाणी अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेते. मदतीला उशीर म्हणजे मरण. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांपाशी तेव्हा तरंगण्यापुरते जाकीट होते. जर्मनांकडे फुगवायची होडी, पाणी रंगवणारी पूड आणि रेडक्रॉसचे चिन्ह असलेली हाइंकेल ५९ ही समुद्रविमाने होती. ती टेहळणीही करतात, असे सांगून ब्रिटनने जुलै १९४० मध्ये त्यांना अभय नाकारले, काही पाडलीही.

पुढे ब्रिटनने तीच होडी, तीच पूड स्वीकारली. १९४१ मध्ये सुटकेसाठी स्वतंत्र संचालनालय झाले आणि वर्ष संपण्याआधी २७५ ते २७८ क्रमांकांची पथके उभी राहिली. वॉलरस दुपंखी, संथ, पण पाण्यावर उतरणारे. समुद्र खवळला आणि उडता येईना, तर वैमानिक ते होडीसारखे लाटांवरूनच किनाऱ्याकडे हाकत. १९४३ पासून हडसन विमाने उफा फॉक्स यांनी आखलेली लाकडी होडीच पॅराशूटने खाली सोडू लागली.

दवाखान्यात इतकी वर्षे हेच पाहिले: उपाय कोणाचा, हे रोगी विचारत नाही, वेळेवर पोचला का, एवढेच पाहतो. १९४० मध्ये तो पोचला नाही, आणि कित्येक तरुण परतले नाहीत.