ज्याची त्याची भाषा

ईस्टरपासून मोजलेल्या पन्नासाव्या दिवशी कॅथलिक समाज पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण पाळतो. त्यालाच पेंटेकॉस्ट म्हणतात. आपल्याला लाभलेली श्रद्धा दुसऱ्यापर्यंत पोचवावी, हे या सणाचे आवाहन. त्यामागची कथा बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. जेरुसलेमात दूरदूरचे यात्रेकरू जमले होते. येशूचे शिष्य बोलू लागले, आणि पार्थियापासून रोमपर्यंतच्या त्या यात्रेकरूंपैकी प्रत्येकाला ते बोलणे स्वतःच्या भाषेत ऐकू आले. ऐकणाऱ्याला शिष्यांची भाषा शिकावी लागली नाही. श्रद्धा सांगू पाहणाऱ्याने आधी ऐकणाऱ्याच्या भाषेत उतरावे, अशी जणू अटच या कथेने घातली. ही अट कशी पाळली गेली आणि कशी मोडली गेली, ही दोन्ही उदाहरणे गोव्याच्या इतिहासात शेजारी शेजारी सापडतात.

थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच वारले. त्यांची कर्मभूमी सासष्टी. तो काळ शांततेचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती, लोकांच्या धर्मपोथ्या हिरावून घेतल्या होत्या. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचीही हत्या करण्यात आली. तलवारीच्या छायेत सांगितलेला धर्म दोन्ही बाजूंना रक्तच देऊन गेला.

त्याच सासष्टीत स्टीफन्स यांनी लोकांची भाषा आत्मसात केली. कोकणीचे व्याकरण त्यांनी रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापले गेले. मात्र त्यांचे मोठे कार्य म्हणजे १६१६ मध्ये रायतूरलाच छापलेले ‘क्रिस्तपुराण’. सुमारे ११,००० ओव्यांच्या या मराठी ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या कराराची आणि दुसऱ्या भागात येशूच्या चरित्राची कथा आहे. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण धर्मगुरूला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? त्या प्रश्नात विनंती आहे, तशीच एक वेदनाही आहे. स्टीफन्स यांनी उत्तर दिले ते मराठी संतांनी घराघरांत पोचविलेल्या ओवी छंदात. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरण्यासही ते कचरले नाहीत. अर्थात, पोथ्या हिरावणारी सत्ता त्यांच्या पाठीशी होती, हे विसरता येत नाही. तरीही, ज्याला काही सांगायचे त्याच्या कानाचा मान त्यांनी राखला, हेही तितकेच खरे.

पुढे हा मान राहिला नाही. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. म्हणजे आता ऐकणाऱ्यानेच सांगणाऱ्याच्या भाषेत यावे! पेंटेकॉस्टच्या कथेचा हा नेमका उलटा अर्थ होता.

काळाने निवाडा दिला. ‘क्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही; पण ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला. १९०७ मध्ये मंगळूरला जे. एल. साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला, आणि १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. फर्मानाला मात्र गोवेकरांच्या तोंडची भाषा पुसता आली नाही. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाव दिला; आज गोव्यात कोकणीतून आणि वसईत मराठीतून मिस्सा होते. सत्तेला भाषा बंद करण्याचा हुकूम देता येतो. श्रद्धा मात्र ऐकणाऱ्याच्या दाराशी जाऊन, त्याच्याच बोलीत सांगावी लागते, आणि ती स्वीकारावी की नाही, हे त्याच्यावर सोडावे लागते.